पोटावरची पिशवी आणि चारचौघांत जाणं

प्रश्न : कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांच्या पोटावर शौचाची पिशवी आली. तेव्हापासून ते लग्नकार्यालाही जात नाहीत. अशा रुग्णांचे गट असतात म्हणे. त्यांचा उपयोग होतो का? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : होतो, आणि मी तर औषधाइतकाच मानतो. हे गट निघाले ते रुग्णांच्याच गरजेतून. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात अशा रुग्णांनी गट बांधला आणि ‘क्यू’ व ‘टी’ या वॉर्डांवरून त्याला ‘क्यूटी’ नाव दिलं. त्या काळी पिशव्या रबरी, जड. वास आणि गळतीवरचे उपाय रुग्णच एकमेकांना शिकवत. १९५८ मध्ये क्लीव्हलँडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी नॉर्मा गिल यांना रुग्णांना शिकवण्यासाठी नेमलं. गिलबाईंच्या स्वतःच्या पोटावर स्टोमा, म्हणजे शौचासाठी केलेलं तोंड, होता! आपल्याकडे मुंबईत ‘ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया’ आहे.

वडिलांना आधी अशा एका माणसाला भेटवा, ज्याने पिशवी लावून पंगतीत बसून जेवण केलंय. असा माणूस कुठे भेटेल, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. त्यांच्याकडे जुने रुग्ण असतात, आणि बहुतेक जण आनंदाने बोलतात.

तोवर एवढं करा. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. जास्त मोठं झालं की उघड्या कातडीला मळ लागतो, ती सोलवटते आणि चकती सुटते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. धोतराची गाठ स्टोमावर येऊ देऊ नका. लग्नाला जाताना जादा पिशवी आणि कापलेली चकती सोबत असू द्या.