अज्ञानाची प्रांजळ कबुली

आपल्या यशाची हकीकत आत्मचरित्रकार सहसा विस्ताराने सांगतो. अज्ञानाची हकीकत तितक्याच विस्ताराने सांगणारे लेखक मात्र विरळा. तमिळ पंडित उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांचे ‘एन् चरित्तिरम्’, म्हणजे ‘माझे चरित्र’, या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९४० पासून ते ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. लेखकाच्या निधनामुळे ते अपुरे राहिले व १९५० मध्ये ग्रंथरूपाने निघाले.

तंजावरचे अखेरचे मराठी राजे शिवाजी ज्या वर्षी निवर्तले, त्याच वर्षी तंजावर मुलखातील एका खेड्यात अय्यरांचा जन्म झाला. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशी त्यांनी अनेक वर्षे अध्ययन केले आणि १८८० मध्ये कुंभकोणम् येथील सरकारी महाविद्यालयात ते तमिळचे अध्यापक झाले. वय पंचवीस आणि गुरू त्या काळचे अग्रगण्य! आपल्या विद्येविषयी समाधान वाटावे अशीच ही स्थिती होती.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी ते सेलम रामस्वामी मुदलियार या मुन्सफांना भेटावयास गेले. कोणकोणते ग्रंथ वाचले, असे मुदलियारांनी विचारले. अय्यरांनी पुराणे, स्तोत्रे, प्रबंध यांची लांबलचक यादी सांगितली. परंतु मुदलियारांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणी’ वाचला आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. अय्यरांनी तो वाचला नव्हता. हा दिवस आपल्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला, असे ते वार्धक्यात नमूद करतात. आणि त्या वेळी दुखावलेला अभिमानही लपवीत नाहीत.

‘जीवकचिंतामणी’ हे जैन कवीचे महाकाव्य, तर अय्यर शैव परंपरेत वाढलेले. शब्द कळत, पण त्यांमागील तत्त्वविचार कळेना. अखेर ते कुंभकोणम् येथील जैन गृहस्थांकडे गेले. तेथे दाराला तोरण दिसले. चौकशी करता समजले, की त्या घरी चिंतामणीच्या पारायणाची त्या दिवशी समाप्ती होती. विद्वानांना अपरिचित झालेला ग्रंथ त्याच गावात श्रद्धेने वाचला जात होता! अय्यर या श्रावकांपाशी शिष्यभावाने बसले. १८८७ मध्ये त्यांनी हे काव्य संपादून प्रसिद्ध केले. पुढे ‘शिलप्पदिकारम्’ (१८९२), ‘पुरनानूरु’ (१८९४) आणि बौद्ध महाकाव्य ‘मणिमेखलै’ (१८९८) यांच्या त्यांनी केलेल्या आवृत्त्या निघाल्या.

मराठी वाचकाला येथे धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’चे स्मरण होईल. घरदार सोडून बौद्ध धर्माच्या शोधार्थ निघाल्याची हकीकत कोसंबींनीही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. अय्यरांना मात्र घर सोडावे लागले नाही. त्यांना सोडावा लागला तो पांडित्याचा अभिमान. मुदलियारांच्या प्रश्नाने रागावून ते परतले असते, तर त्यांची नोकरी गेली नसती की मान कमी झाला नसता. केवळ पुढचे सारे कार्य त्यांच्या हातून घडले नसते. आत्मचरित्रातील प्रांजळपणाचे मोल ते हेच.