दिवसाच्या लांबीचं समीकरण

प्रश्न : अकरावीच्या प्रकल्पासाठी मी आपल्या शहरातल्या दिवसाच्या लांबीचा वर्षभराचा आलेख काढला. सर्वांत मोठा दिवस ८०० मिनिटांचा, म्हणून आयाम ८०० धरला. पण समीकरण जुळत नाही. शिवाय मी साइन घेतलं, मैत्रिणीनं कोसाइन. चूक कोणाची?
– एक विद्यार्थिनी, उस्मानपुरा

उत्तर : साइन-कोसाइनमध्ये चूक कोणाचीच नाही. अडलंय ते आयामापाशी. तो शून्यापासून मोजत नाहीत, मध्यरेषेपासून मोजतात. २१ जूनचा दिवस सुमारे ८०० मिनिटांचा, २२ डिसेंबरचा ६५६. सरासरी ७२८, ही मध्यरेषा. फरकाचा निम्मा ७२, हा आयाम. आवर्तकाल ३६५ दिवसांचा, म्हणून रोजचा कोन ३६०/३६५ अंश. शिखर १७२व्या दिवशी येतं, त्यामुळे कोसाइन सोपं पडतं :

लांबी = ७२८ + ७२ × कोसाइन [(३६०/३६५) × (दिवस − १७२)]

तुला साइनच हवं असेल तर १७२ऐवजी ८१ घाल. पाव आवर्तन आधी, २२ मार्चच्या सुमारास, आलेख मध्यरेषा ओलांडून वर चढतो. आता दोघींची उत्तरं सारखीच येतील. कॅल्क्युलेटर मात्र अंशांवर ठेव. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांशी ताडताना काही मिनिटांचा फरक दिसला तर घाबरू नकोस. पृथ्वीची कक्षा नेमकं वर्तुळ नाही.