भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी

लंडन शहराच्या पूर्व भागात ली नावाची नदी थेम्सला मिळते. संगमापासून थोडे वर, ब्रॉम्ली-बाय-बो या वस्तीजवळ, नदीच्या फाट्यांनी वेढलेले एक लहानसे बेट आहे. त्यास ‘थ्री मिल्स’, म्हणजे तीन गिरण्यांचे बेट, असे म्हणतात. आज तेथे गिरण्या मात्र दोनच उभ्या आहेत. त्यांपैकी ‘हाउस मिल’ ही डॅनियल बिसन याने १७७६ साली बांधली. गिरणीवाल्यांच्या दोन घरांमध्ये ती उभी राहिली, म्हणून तिला हे नाव पडले. तिच्यात पाण्याची चार चाके आणि दळणाच्या दगडांच्या बारा जोड्या होत्या.

पाणचक्की म्हटली की उतारावरून धावत येणारा ओढा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. येथील भूमी तर सपाट, दलदलीची. मग चाक फिरविण्यास लागणारा पाण्याचा उतार आला कोठून? तो समुद्राने दिला. थेम्सच्या मुखातून शिरणारी भरती लंडनपर्यंत पोहोचते, आणि उधाणाच्या दिवसांत तेथे भरती व ओहोटी यांच्या पातळींत सहा मीटरांहून अधिक अंतर पडते. भरती चढू लागली की पाणी गिरणीच्या वरच्या बाजूस असलेल्या विस्तीर्ण साठ्यात घेतले जाई. भरती पूर्ण झाली की दारे मिटून ते तेथेच कोंडले जाई. बाहेरचे पाणी मात्र उतरतच राही. अशा रीतीने काही तासांत आतील व बाहेरील पातळींत पुरेसा फरक पडला, म्हणजे चाकांकडील दारे उघडीत.

ओहोटी लागताच चाक सुरू करता येत नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चाकाचा खालचा भाग पाण्यात बुडालेला असेल, तर पुढून येणारा धक्का मागच्या पाण्यातच जिरतो. म्हणून प्रथम वाट पाहावयाची, आणि मग पुढची भरती चाकाखाली येऊन पोहोचेपर्यंत दळण उरकावयाचे.

एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. आज सकाळी सहाला भरती असेल, तर उद्या ती सुमारे सहा वाजून पन्नास मिनिटांनी येणार. साहजिकच गिरणीच्या कामाची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरके. कामगारांना कधी भर दुपारी, तर कधी मध्यरात्री दगडांपाशी उभे राहावे लागे. त्यांची झोप आणि जेवण यांचे वेळापत्रक चंद्र ठरवीत असे, असे म्हटले तरी चालेल.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीस आपल्या किनाऱ्यावरील लोक ‘उधाण’ म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपासच्या दुबळ्या भरतीस ‘भांग’. इतके नेमके शब्द कोळ्यांच्या तोंडी असताना नवी परिभाषा घडविण्याचे कारण नाही. आता समजा, साठ्याच्या कडा सरळ उभ्या आहेत. उधाणाच्या दिवशी आतील पाणी बाहेरच्यापेक्षा ४ मीटर उंच राहिले, आणि भांगेच्या दिवशी २ मीटर. तर भांगेला ऊर्जा निम्मी मिळेल काय? नाही. कोंडलेले पाणी निम्मे असते, आणि ते सरासरीने पडते तेही निम्म्याच उंचीवरून. निम्म्याचे निम्मे, म्हणजे केवळ एक चतुर्थांश ऊर्जा हाती येते. पंधरवड्यातील हे मंद दिवस गिरणीवाल्यास बसून काढावे लागत, किंवा दगडांना टाकी लावून घेण्यासारखी कामे त्या वेळी उरकता येत. मात्र नदी आटली म्हणून किंवा वारा पडला म्हणून गिरणी अवचित थांबण्याची धास्ती त्याला नसे. तिची मंदी आधीच मोजता येत होती.

या परिसरात गिरण्या पुरातन काळापासून आहेत. १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत ली नदीवरील गिरण्यांचा उल्लेख आढळतो. पुढे येथील गिरण्या ११३५ मध्ये स्थापन झालेल्या स्ट्रॅटफर्ड लँगथॉर्नच्या मठाकडे आल्या, आणि १५३८ मध्ये मठ बरखास्त होईपर्यंत त्याच्याकडेच राहिल्या. (हे स्ट्रॅटफर्ड शेक्सपिअरचे नव्हे.) ‘बो’ हे नाव बाराव्या शतकात येथे बांधलेल्या कमानदार पुलावरून आले. या भागातील भटारी गाड्या भरून लंडनला पाव पाठवीत, त्यांना पीठ ह्या गिरण्यांचे मिळे. अठराव्या शतकात मात्र धान्य पावाऐवजी मद्याकडे वळले. दळलेले धान्य शेजारच्याच भट्टीत जाई, त्यापासून जिन नावाची दारू गाळीत, आणि उरलेल्या चोथ्यावर डुकरे पोसली जात. शहराच्या भुकेपेक्षा त्याच्या व्यसनाने गिरणीला अधिक काळ काम पुरविले, ही गोष्ट सुखद नसली तरी खरी आहे.

शेजारची ‘क्लॉक मिल’ १८१७ मध्ये नव्याने बांधली गेली. १९४० च्या बाँबहल्ल्यात हाउस मिलला लागून असलेले गिरणीवाल्याचे घर उद्ध्वस्त झाले, आणि १९४१ मध्ये तिचे दळण थांबले. १९७० नंतरच्या दशकात ती पाडली जाण्याचा प्रसंग आला होता, तो टळला. आज ती सर्वोच्च श्रेणीची संरक्षित वास्तू असून, जगात शिल्लक राहिलेल्या भरती-गिरण्यांत ती सर्वांत मोठी मानली जाते.

तिचे तत्त्व मात्र जुने झालेले नाही. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशी, जेथे पूर्वी अशाच गिरण्या होत्या, १९६६ मध्ये २४० मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र सुरू झाले. तेथेही भरतीचे पाणी बंधाऱ्याआड कोंडतात आणि ओहोटीत सोडतात. हाउस मिलची चाके केवळ जाणाऱ्या पाण्यावर फिरत. रान्सची यंत्रे येणाऱ्या पाण्यावरही चालविता येतात.