आधी चिप, मग मंडल

इलेक्ट्रॉनिक यंत्रातील चिप कारखान्यातून बाहेर पडली की तिचे काम कायमचे ठरून गेलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक चिपांच्या बाबतीत तो खराही आहे. सिलिकॉनच्या पातळ तुकड्यावर ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या सूक्ष्म वाटा एकदा उमटल्या की त्यांत फेरफार करता येत नाही. आराखड्यात एखादी चूक राहिली, तर ती प्रत्येक नगात उतरते. लाखो नग खपणार असतील, तर आराखडा व साचे यांवरील अवाढव्य खर्च सर्वांवर वाटला जातो. परंतु ज्या यंत्राचा जगात एकच नग असणार आहे आणि ज्याची गरज दहा वर्षांनी बदलणार आहे, त्याने काय करावे?

असे एक यंत्र महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण ‘जी.एम.आर.टी.’ या नावाने ओळखली जाते. तिच्या गरजेचा विचार पुढे येईलच. त्याआधी, घडवून झाल्यावरही पुन्हा घडवता येणारी चिप ही काय वस्तू आहे, ते पाहू.

सारणीतून मंडल

घराच्या जिन्यातील दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणे असतात. दोन्ही बटणे सारख्या स्थितीत असली की दिवा विझलेला, आणि भिन्न स्थितीत असली की पेटलेला, असे समजू. बटणाच्या दोन स्थितींना ० आणि १ म्हटले, तर एकूण चारच शक्यता उरतात : ००, ०१, १० आणि ११. त्यांची उत्तरे अनुक्रमे ०, १, १ आणि ० अशी येतात.

हे काम दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे योग्य त्या तारा जोडून तसे मंडल, म्हणजे सर्किट, उभारणे. दुसरा प्रकार वरकरणी बाळबोध वाटेल. चार उत्तरे चार स्मृतिकोशांत लिहून ठेवायची आणि बटणांची स्थिती हा त्या कोशाचा पत्ता मानायचा. ‘०१’ हा पत्ता आला की त्या कोशातील १ बाहेर येतो आणि दिवा लागतो. दुसऱ्या प्रकाराची खरी किंमत दिव्याचा नियम बदलायचा असेल तेव्हा कळते. दोन्ही बटणे दाबल्याशिवाय दिवा लागू नये असे ठरले, तर तारांना हात लावावा लागत नाही. कोशांतील आकडे ०, ०, ०, १ असे बदलले की मंडल बदलले.

निवेश दोनऐवजी चार असतील, तर सारणीत सोळा कोश लागतात. सोळा कोश ० आणि १ यांनी भरण्याचे ६५,५३६ प्रकार आहेत. म्हणजे तेवढ्या निरनिराळ्या तर्कमंडलांचे काम ही एकच लहानशी सारणी करू शकते. अशा सारणीच्या जोडीला तिचे उत्तर क्षणभर धरून ठेवणारा एक कोश बसवला, असे अनेक संच ओळींनी मांडले, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटांवर स्मृतीच्या हुकमाने उघडणारे व मिटणारे सांधे ठेवले, की ‘एफ.पी.जी.ए.’ नावाची चिप तयार होते. रेल्वेच्या मोठ्या यार्डात रूळ तेच राहतात, पण सांधे बदलले की गाडीचा मार्ग बदलतो. तसाच हा प्रकार आहे.

या कल्पनेपर्यंत तंत्रज्ञ टप्प्याटप्प्याने पोहोचले. १९७० नंतरच्या दशकात ज्या कार्यक्रमणीय चिपा बाजारात आल्या, त्यांपैकी अनेकांत बारीक वितळतारा असत. नको त्या तारा विजेच्या झोताने जाळून टाकायच्या आणि उरलेल्यांतून मंडल साधायचे, अशी ती रीत होती. जळलेली तार पुन्हा जोडता येत नसे. स्मृतिकोशांवर आधारलेली पहिली एफ.पी.जी.ए. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली आणली. तिच्यात अवघे ६४ तर्कसंच होते. त्यानंतरच्या मोठ्या चिपांत त्यांची संख्या लाखांवर गेली. या प्रकारच्या चिपेतील स्मृती वीज जाताच पुसली जाते. म्हणून मंडलाचा तपशील शेजारच्या कायम स्मृतीत किंवा संगणकात जपून ठेवतात आणि यंत्र सुरू होताच तो चिपेत भरला जातो.

वर्णनाची भाषा

लाखो सारण्या हाताने भरणे कोणालाही शक्य नाही. त्यासाठी हार्डवेअर वर्णनभाषा वापरतात. त्यांपैकी दोन विशेष प्रचलित आहेत. ‘व्हेरिलॉग’ १९८४ च्या सुमारास एका खाजगी कंपनीत जन्मली. ‘व्ही.एच.डी.एल.’ अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रकल्पातून निघाली आणि १९८७ साली तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. आरंभी या भाषांचा मुख्य उपयोग मंडलाचे नेमके वर्णन करणे आणि ते कसे वागेल हे संगणकावर पडताळणे हा होता. त्या वर्णनावरून प्रत्यक्ष मंडल तयार करणारी साधने पुढे विकसित झाली.

या भाषा दिसायला संगणकाच्या आज्ञावलीसारख्या असतात, आणि नवशिक्याची फसगत नेमकी येथेच होते. आज्ञावली ही कामांची यादी आहे. संगणक ती एकामागून एक पार पाडतो. वर्णनभाषेतील मजकूर हा वस्तूचा आराखडा आहे. घराच्या नकाशात स्वयंपाकघर आधी काढले म्हणून ते माजघराच्या आधी अस्तित्वात येते असे नाही. तसेच येथे आहे.

एक उदाहरण पुरेसे होईल. क मध्ये ३ आणि ख मध्ये ७ आहे. ‘क ला ख ची किंमत द्या, ख ला क ची किंमत द्या’ अशा दोन ओळी आज्ञावलीत लिहिल्या, तर पहिल्या ओळीनंतर क मध्ये ७ येते, दुसरी ओळ तेच ७ ख ला परत देते, आणि ३ कायमचे हरवते. हेच दोन कोश घड्याळाच्या एकाच ठोक्यावर बदलतील असे वर्णनभाषेत लिहिले, तर ठोका पडताच दोघेही एकमेकांची जुनी किंमत उचलतात; क मध्ये ७ आणि ख मध्ये ३ येते. कारण येथे ओळी एकापाठोपाठ चालत नाहीत. दोन तारा एकाच वेळी काम करतात. सर्व भाग एकदम काम करतात, हेच या चिपेचे सामर्थ्य आहे.

खोडदचा प्रश्न

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. प्रत्येक अँटेनाचा संकेत इतर प्रत्येकीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. अशा जोड्या होतात ४३५. आरंभीच्या व्यवस्थेत हे काम त्यासाठीच घडवलेल्या विशेष चिपा करीत आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा पाहता येई. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आला.

एवढ्या रुंद पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक अँटेनाकडून दोन, असे ६० संकेत धरले, तर दर सेकंदाला ४,८०० कोटी नमुने येतात. साधा प्रक्रियक एकेक नमुना हाताळत बसला, तर त्याचा निभाव लागणार नाही. म्हणून नव्या व्यवस्थेत नमुने प्रथम एफ.पी.जी.ए. चिपांकडे जातात आणि तेथून गठ्ठे बांधून संगणकांकडे पाठवले जातात. चिपेचे घड्याळ सेकंदाला २० कोटी ठोके देत असेल, तर प्रत्येक ठोक्याला चार नमुने शेजारी शेजारी हाताळणारी चार सारखी मंडले मांडली की हिशेब जुळतो.

परंतु दुसरा एक शत्रू आकाशातून नव्हे, तर जमिनीवरून येतो. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्या क्षणिक पण अतिशय प्रबळ रेडिओ-गोंगाट करतात. दूरच्या दीर्घिकेचा संकेत त्यापुढे नगण्य असतो. वर्णपट काढून झाल्यावर हा धक्का सर्व कंप्रतांवर पसरतो. म्हणून त्याला त्याआधीच, नमुन्यांच्या प्रवाहातच, पकडावे लागते.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील अभियंत्यांनी यासाठी एफ.पी.जी.ए. मध्येच एक गाळणी बसवली. ती सरासरी घेत नाही, कारण चार-दोन अवाढव्य नमुनेही सरासरीला आपल्याकडे खेचतात. नमुने क्रमाने लावल्यास बरोबर मधोमध येणारी किंमत, म्हणजे मध्यक, ती काढते. मग त्या मध्यकापासून नमुने किती ढळले आहेत त्याचाही मध्यक काढते, आणि त्या मानाने फारच दूर गेलेला नमुना बाजूला सारून त्याच्या जागी निरुपद्रवी किंमत ठेवते. या कामासाठी नवी चिप घडवावी लागली नाही; मंडलाचे वर्णन नव्याने लिहावे लागले.

लवचिकतेचे मोल

ही सोय फुकट मिळत नाही. तेच काम त्यासाठीच घडवलेली चिप कमी जागेत, कमी विजेवर आणि अधिक वेगाने करते. बदलता येणारे सांधे व त्यांची स्मृती यांचा भार एफ.पी.जी.ए. ला सदैव वाहावा लागतो. वर्णनातून मंडल जुळवून घ्यायला संगणकाला कित्येक तास लागू शकतात. शिवाय संकेत एका संचातून दुसऱ्यापर्यंत पुढच्या ठोक्याच्या आत पोहोचतो की नाही, हे तपासावेच लागते. म्हणूनच लाखोंच्या संख्येने लागणाऱ्या चिपेचा आराखडा बहुधा एफ.पी.जी.ए. वर पारखून मग कायमचा घडवतात.

खोडदलाही सर्व भार या चिपांवर टाकलेला नाही. वर्णपट काढणे आणि ४३५ जोड्यांची तुलना करणे हे काम चित्रप्रक्रियक बसवलेल्या संगणकांकडे आहे. प्रवाहाच्या मुखाशी, जेथे वेग अतोनात असतो आणि उद्या कोणता गोंगाट येईल हे आज सांगता येत नाही, तेथे मात्र पुन्हा घडवता येणारी चिप ठेवलेली आहे.