मावशींच्या नावाचा दाखला

१. घरकामाला बेरोजगारी विमा नाही, हे आधी स्वीकारावं लागतं. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत रोख मदत देते. पण तो माणूस आस्थापनेतला विमाधारक हवा. मांजरसुंब्यात माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं काम सुटलं, तर त्यांच्या हाती काहीच येणार नाही.

२. त्यातल्या त्यात जवळचा आधार म्हणजे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ. कायदा २००८ चा, पण त्यामागे पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली केलेल्या संपापासूनची धडपड आहे. वय १८ ते ६० असेल तर नोंदणी होते. बाळंतपण, अपघात, मुलांचं शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदतीची तरतूद आहे. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत बाईला १० हजारांचं सन्मानधन आहे. रक्कम मोठी नाही. तरी हक्काची आहे.

३. आधार कार्ड, राहण्याचा पुरावा, फोटो हे मावशी स्वतः जमवू शकतात. एक कागद मात्र त्यांना आपल्याशिवाय मिळतच नाही: ज्या घरी काम करतात त्या घरमालकाचा दाखला. सगळं घोडं तिथंच अडतं. ‘सही केली तर उद्या अंगाशी येईल’ म्हणून शिकलीसवरली माणसं टाळाटाळ करतात, आणि मावशींना दुसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटतो. त्यांनी मागायच्या आधीच आपण लिहून द्यावा. मी साधा लिहिला: सदर महिला माझ्या घरी अमुक महिन्यापासून धुणीभांडी व झाडलोट करतात, पगार दरमहा इतका, खाली माझं नाव, पत्ता, मोबाइल, सही, तारीख. त्यापायी मला एक पैसाही भरावा लागला नाही. मावशींनी तो कागद दोनदा वाचून घेतला. “ताई, पगार पण लिहिला का?” म्हणाल्या. इतकी वर्षं काम करून त्यांचा पगार कागदावर पहिल्यांदाच आला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

४. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि बँक पासबुक आधी ताडून पाहावं. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, हे आपल्याकडे घरोघरी आहे. बीडला कामगार कार्यालयात जायचं म्हणजे त्यांचा एक रोज बुडतो. तो आपण भरून द्यावा.

५. ई-श्रम कार्ड काढलं म्हणजे मंडळाची नोंदणी झाली, असं नाही. दोन्ही वेगळी. आणि मंडळाच्या नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर हवं. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने नोंदीत घरेलू कामगारांना १५०० रुपये जाहीर केले, तेव्हा लॉकडाऊनने कामं सगळ्यांचीच गेली होती. पण वहीत नाव नसलेल्या बायका बाजूलाच राहिल्या.

६. आपल्या भागात दसरा-दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. गुडघे गेलेल्या, कोयता न पेलणाऱ्या बायका मागे राहतात आणि धुणीभांडी धरतात. म्हणजे या कामातून सुटलेल्या बाईला परत फडावर जाता येत नाही. रोजगार हमीत लेखी काम मागून तारखेची पावती घेतली आणि १५ दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्त्याचा हक्क आहे. पण मातीकाम तरी त्यांना कसं झेपणार? म्हणून विमा नसलेल्या घरात मालकानेच काही ठरवावं. आम्ही ठरवलं आहे: बंद करायचं तर महिनाभर आधी सांगायचं आणि जाताना एक पगार जास्तीचा द्यायचा. हेही दाखल्याच्या मागच्या बाजूला लिहून आम्ही दोघींनी खाली सह्या केल्या आहेत.