शेतावर जाणाऱ्या जीपचे टायर कसे निवडावेत

घोडेगांव व डिंभे यांच्यामधील शिनोलीच्या आसपास ज्यांची शेती आहे, त्यांच्या जीपच्या चाकांस एकाच दिवशीं तीन प्रकारच्या जमिनींशीं गांठ पडते. मळ्यांतील चिकण काळी माती, भीमाशंकराच्या बाजूस लागणारा मुरूम व धारदार काळा दगड, आणि मंचरच्या बाजाराकडे जाणारी डांबरी सडक. हीं तिन्हीं कामें एकाच टायराकडून करून घ्यावयाचीं असल्यानें त्याची निवड केवळ दुकानदाराच्या भरंवशावर सोडूं नये. निवड चुकल्यास पैसा जातोच. परंतु भरलेल्या गाडीचा टायर उतारावर फुटल्यास जिवावरही बेततें.

१. धांव मोजावी. महिनाभर रोजची धांव वहींत लिहावी व तींत डांबरी किती आणि कच्ची किती हें पाहावें. बहुतेकांस असें आढळून येईल कीं, कच्ची वाट थोडी, पण तीच चाकांस जास्त झिजविणारी असते.

२. प्रकार ओळखावा. सडकेच्या टायराच्या खांचा अरुंद असतात. तो शांत चालतो व इंधन कमी खातो. मात्र ओल्या काळ्या मातीनें खांचा भरल्या कीं चाक जागच्या जागीं फिरतें. चिखलाच्या टायराचे ठोकळे मोठे व खांचा रुंद असल्यानें तो चिखल बाहेर फेंकतो. परंतु डांबरावर लवकर झिजतो, आवाज करतो आणि ओल्या सडकेवर त्याची पकड कमी पडते. या दोहोंच्या मधला तो ऑल-टेरेन टायर. आपल्यापैकीं बहुतेकांस हाच योग्य होय. खोल चिखलांतील ओढ हें ट्रॅक्टरचें काम आहे. त्यासाठीं जीपला चिखलाचे टायर घालणें म्हणजे चार महिन्यांच्या पावसासाठीं बारा महिने घोंगडी पांघरून हिंडण्यासारखें आहे. ज्यांची गाडी क्वचितच सडक सोडते, त्यांस सडकेचा टायर पुरेसा आहे.

३. माप बदलूं नये. टायरावर ‘२१५/७५ आर १५’ असें लिहिलेलें असल्यास २१५ मिलिमीटर ही रुंदी, ७५ ही रुंदीच्या शेंकडा प्रमाणांत बाजूची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ इंच हा आंतील चकतीचा व्यास. या टायराचा एकूण व्यास सुमारें ७०४ मिलिमीटर होतो. त्याजागीं २३५ रुंदीचा टायर घातल्यास व्यास सुमारें ७३४ होतो. गाडी उंचावते अवघी १५ मिलिमीटर. परंतु कांटा ताशीं ६० दाखवीत असतां खरा वेग ६२ च्या वर जातो आणि गिअर व ब्रेक यांवर ताण वाढतो. कारखान्यानें मान्य केलेलें माप तेंच ठेवावें.

४. भार पाहावा. मापापुढील अंक भाराचा असतो. १०० म्हणजे एका टायरास ८०० किलो. बटाट्याच्या ५० किलोच्या २० गोण्या म्हणजे एक टन, आणि त्यांतील बहुतेक भार मागील दोन चाकांवर येतो; त्यांत गाडीचें वजन वेगळेंच. दगडाळ वाटेवर टायर बहुधा बाजूस चिरतो व ती चीर सुरक्षितपणें दुरुस्त होत नाहीं. म्हणून बाजू मजबूत असलेला टायर मागावा.

५. वय तपासावें. बाजूवरील चार अंकांत ‘२३२४’ असल्यास तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यांतील होय. रबर न वापरतांही कठीण होतें. सवलतीच्या मोहानें जुना माल घेऊं नये. आय.एस.आय. चिन्हही पाहून घ्यावें.

६. किंमत किलोमीटरवर काढावी. समजा, एक टायर ६,००० रुपयांचा असून ३०,००० किलोमीटर टिकला, तर दर किलोमीटरला २० पैसे पडले. दुसरा ८,००० रुपयांचा असून ५०,००० किलोमीटर टिकला, तर १६ पैसेच पडले. दुकानांत जो महाग, तो वाटेवर स्वस्त ठरला.

७. निगा ठेवावी. हवा सकाळीं, चाकें थंड असतांना, गाडीवरील पट्टीत सांगितल्याप्रमाणें भरावी. चिखलांत पकडीसाठीं हवा थोडी कमी केल्यास सडकेवर वेगानें जाण्यापूर्वीं ती पुन्हां भरावी; कारण कमी हवेचा टायर तापून फुटतो. दर दहा हजार किलोमीटरांस चाकें आलटूनपालटून लावावीं. दोनच नवे टायर घेतल्यास ते मागें घालावे. चारही चाकांस ओढ असलेल्या गाडीस मात्र चारही टायर सारख्याच मापाचे व सारख्याच झिजेचे असावेत. खांच १.६ मिलिमीटरवर आली कीं टायर बदलावा, आणि आपल्या मुसळधार पावसाच्या भागांत तर त्याच्याही आधीं.

बी विकत घेतांना आपण त्याची जात, वय व उगवण पाहतों. टायर घेतांनाही तीच दृष्टि ठेवावी. पावसाळ्यापूर्वीं एक सकाळ चाकांपाशीं बसून हें सारें वाचून पाहावें. ती सकाळ वायां जाणार नाहीं.