भुईआवळी : श्रद्धा आणि शोध

रोह्याहून कुंडलिका ओलांडून अष्टमीत आले की पावसाळ्यात बांधाबांधांवर एक वीतभर उंचीचे रोप दिसते. त्याच्या पानांखाली मोहरीहून थोडी मोठी हिरवी फळे ओळीने लटकलेली असतात. हीच भुईआवळी. घरात कोणाला कावीळ झाली की माझी आजी ती मुळासकट उपटते व वाटून ताकातून देते. लहानपणी मलाही दिली आणि मी बरा झालो. मग या रोपात खरोखरच गुण आहे काय? मी कला शाखेचा विद्यार्थी असलो तरी या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही.

कावीळ हे यकृताच्या बिघाडाचे लक्षण आहे. तो बिघाड करणारे विषाणू निरनिराळे. ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्यातून येतात व बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. ‘बी’ मात्र रक्तावाटे किंवा आईकडून बाळाला जातो, आणि काहींच्या शरीरात जन्मभर ठाण मांडतो. त्यातून पुढे यकृताचा कर्करोगही उद्भवू शकतो.

या ‘बी’ विषाणूचा शोध लावणारे, १९७६ चे नोबेल मानकरी बरूच ब्लूमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये भुईआवळीच्या अर्कावरील प्रयोग प्रसिद्ध केले. विषाणूला आपली प्रत काढण्यास पॉलिमरेज नावाचे विकर लागते. परीक्षानळीत अर्काने त्याचे काम रोखले. १९८८ मध्ये मद्रासचे त्यागराजन व सहकारी यांनी वनस्पती रोगवाहकांना ३० दिवस दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली; नकली औषध घेणाऱ्या २३ जणांत ती एकाचीच गेली. केवढी ही आशा! परंतु पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांत असे यश पुन्हा दिसले नाही. परीक्षानळी आणि मनुष्यदेह यांत फार अंतर असते.

मग मी कसा बरा झालो? बहुधा माझी कावीळ पाण्याची असावी व ती आपोआपच गेली असावी. आमच्या आळीतील एक काका मात्र तीन महिने पालाच घेत राहिले. रक्त तपासले तेव्हा फार उशीर झाला होता.

आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तू बरा झालास की नाही?” उत्तर देणे मला जड गेले. तिची श्रद्धा खोटी नव्हती, तिच्याजवळ तपासणी नव्हती. ती आज आपल्याजवळ आहे, ‘बी’ची लसही आहे. म्हणून कावीळ दिसताच प्रथम रक्त तपासावे, आणि जन्मलेल्या बाळाला २४ तासांच्या आत लस द्यावी, एवढेच सांगणे.